मांजराच्या खुब्याची वाटी फुटली तर? पहिला आठवडा हातचा घालवू नका

रात्री बाहेर गेलेलं मांजर सकाळी मागचा पाय ओढत घरी येतं. कुठं रक्त नाही, मोठी जखम नाही. कॉटखाली नाहीतर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसतं आणि हात लावायला गेलं की गुरगुरतं. घरातलं कोणीतरी म्हणतं, "लचकलं असंल, दोन दिवसांत येईल ठिकाणावर." शेजारी सांगतात, "मांजराचं हाड आपोआप जुळतंय हो, दवाखाना कशाला?"

यात थोडं तथ्य आहे. मांजराची कंबरेची बरीच फ्रॅक्चर खरोखरच विश्रांतीवर जुळतात. पण त्याच कंबरेत एक जागा अशी आहे, जिथं नुसतं जुळून भागत नाही. ती म्हणजे खुब्याची वाटी. ती फुटली असेल आणि आपण 'बघू' म्हणत आठ-दहा दिवस काढले, तर सांधा पुन्हा नीट बसवण्याची संधी हातची जाते. म्हणून ही वाटी काय असते, ती फुटल्यावर कोणती ऑपरेशनं होतात आणि आपण काय ठरवायचं, हे समजून घेऊ.

खुब्याची वाटी म्हणजे काय?

कंबरेच्या हाडांचा सांगाडा म्हणजे एक चौकट. दोन्ही बाजूंना तीन-तीन मुख्य हाडं असतात. वर माकडहाडाला टेकलेलं रुंद हाड, मागं बैठकीचं हाड आणि खाली जांघेकडचं हाड. ही तिन्ही जिथं एकत्र येतात, तिथं एक खोलगट वाटी तयार होते. मांडीच्या हाडाचं गोल डोकं या वाटीत बसतं आणि फिरतं. शाळेच्या पुस्तकात आपण याला 'उखळीचा सांधा' म्हणून शिकलो. माणसाचा खुबाही असाच. फरक आहे तो मापाचा. मांजराच्या मांडीच्या हाडाचं डोकं जेमतेम एक सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं. डॉक्टरांना एवढ्याशा वाटीचे तुकडे जुळवायचे असतात.

वाटीच्या आत घोड्याच्या नालेच्या आकाराचा गुळगुळीत कुर्चेचा थर असतो. मांजर चालतं, उडी मारतं, तेव्हा अंगाचा भार या थरावर येतो. वाटीच्या अगदी वरून-मागून पायाची सर्वांत मोठी नस जाते. म्हणून वाटी फुटली की ती नसही धोक्यात येते, आणि ऑपरेशन करताना डॉक्टरांना तीच आधी सांभाळावी लागते.

मांजरांच्या एकूण फ्रॅक्चरपैकी पाव भागाच्या आसपास फ्रॅक्चर कंबरेच्या हाडांची असतात. त्यांतही वाटीचं फ्रॅक्चर तुलनेनं कमी वेळा दिसतं. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे गाडीची धडक. उंचावरून पडणं हे दुसरं. मात्र उंचावरून पडलेल्या मांजरात छाती, जबडा आणि पायांना जास्त मार लागलेला दिसतो. कंबर मोडलेली असेल, तर आधी गाडीचा संशय घ्यावा.

बाकीची हाडं जुळतात, मग हिलाच ऑपरेशन का?

चौकटीतलं साधं हाड थोडं वाकडं जुळलं, तरी भोवतालचे स्नायू त्याला धरून ठेवतात आणि मांजर चालायला लागतं. वाटीचं तसं नाही. ती सांध्याचा भाग आहे. दोन तुकड्यांमध्ये एखाद-दोन मिलिमीटरची पायरी राहिली, तर गोल डोकं प्रत्येक पावलाला त्या पायरीवर घासतं. कुर्चा एकदा खराब झाली की पहिल्यासारखी भरून येत नाही. मग सांधा झिजतो, सुजतो, दुखतो. मांजर लंगडतं, उडी मारायचं सोडतं आणि हळूहळू तो पाय बारीक होतो.

दुसरी अडचण आतल्या बाजूची. कंबरेच्या या चौकटीतूनच शौचाची वाट जाते. वाटीचा तुकडा आत ढकलला गेला, तर ही वाट अरुंद होते. वाट निम्म्याच्या आसपास अरुंद झाली की मळ अडकायला लागतो. बरेच दिवस असंच चाललं तर मोठं आतडं फुगून ढिलं पडतं, आणि त्यावरचा इलाज फ्रॅक्चरपेक्षाही अवघड होऊन बसतो. मांजरी व्यायची असेल तर अरुंद वाटेत पिल्लू अडकू शकतं. म्हणून कंबर मोडून बरी झालेल्या मांजरीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यावं, असा सल्ला डॉक्टर देतात.

पहिल्या तासात काय करायचं?

मांजराला चारही पायांवर उभं करून 'चालतंय का' ते बघत बसू नका. जाड टॉवेल किंवा सतरंजीच्या तुकड्यावर अलगद सरकवून घ्या आणि टॉवेलासकट खोक्यात ठेवा. खोक्याला हवेसाठी भोकं पाडा. दुखणाऱ्या बाजूवर दाब येऊ देऊ नका.

कितीही माया असली, तरी दुखणारं मांजर चावतं. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडं जा.

इथं दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक माणसाच्या गोळीची. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपल्या शरीरात ही गोळी ज्या मार्गानं निकामी होते, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. एका गोळीनंही मांजराचं रक्त प्राणवायू वाहून नेण्याचं काम सोडतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात आणि जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेनसुद्धा देऊ नका. चुकून गोळी दिली गेली असेल तर लपवू नका. डॉक्टरांना लगेच सांगा, वेळेत कळलं तर त्यावर उतारा देता येतो.

दुसरी चूक मालिशीची. आपल्याकडं हाड मोडलं की तेल लावून चोळणारे आणि बांबूच्या कामट्या बांधणारे जाणकार गावोगावी असतात. त्यांच्या हाताला गुण असेलही, पण खुब्याच्या वाटीला बाहेरून कामटी लागत नाही. तिथं प्लास्टरही बसत नाही. चोळल्यानं फुटलेले तुकडे आणखी हलतात आणि शेजारची नस दुखावते.

दवाखान्यात लगेच ऑपरेशन का करत नाहीत?

मांजर दाखल झाल्यावर डॉक्टर लगेच हाडाकडं वळत नाहीत. लोकांना वाटतं, टाळाटाळ चाललीय. तसं नसतं. कंबर मोडण्याइतका मार बसला असेल, तर छाती आणि पोटातही इजा असू शकते. फुप्फुसाला मार, छातीत हवा भरणं, छाती आणि पोटामधला पडदा फाटणं, मूत्राशय फुटणं, यांतलं काहीही भूल दिल्यावर जीवावर बेतू शकतं. म्हणून पहिले एक-दोन दिवस सलाईन, दुखणं कमी करणारी औषधं, गरज पडली तर प्राणवायू आणि तपासण्यांत जातात.

या काळात तुम्ही एक गोष्ट नक्की लक्षात ठेवून सांगा. अपघातानंतर मांजरानं लघवी केली का, आणि केली असेल तर रंग कसा होता? लघवी झाली म्हणजे मूत्राशय शाबूत आहे असं मात्र धरू नये. छोटं छिद्र असलं तरी थोडी लघवी बाहेर येते.

डॉक्टर पायाची बोटं चिमट्यानं दाबून बघतात. ते क्रूर वाटतं, पण मांजराला ते कळलं आणि त्यानं वळून बघितलं, तर ती चांगली खूण असते. नस जिवंत आहे. शेपटी आणि गुदद्वाराची संवेदनाही तपासतात. तिथल्या नसा तुटल्या असतील तर लघवी-शौचावरचा ताबा जातो, आणि तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनचा विचार वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो.

एक्स-रे एक पुरत नाही

मांजर स्थिर झालं की गुंगी देऊन एक्स-रे काढतात. कमीत कमी दोन बाजूंनी, एक उताणं ठेवून आणि एक कुशीवर. कंबर ही चौकट असल्यामुळं ती बहुतेक वेळा एकाच जागी मोडत नाही. चौकोनी खोकं एका कोपऱ्यात चेपलं की दुसरा कोपराही निसटतो, तसंच. माकडहाडाचा सांधा निखळलाय का, दुसऱ्या बाजूला काय झालंय, शौचाची वाट किती उरलीय, हे सगळं बघितल्याशिवाय निर्णय होत नाही. वाटीतली बारीक चीर एक्स-रेत लपू शकते. सोय असेल तिथं सीटी स्कॅन केल्यास तुकडे किती आणि कुठं सरकलेत ते स्पष्ट दिसतं.

ऑपरेशन न करता चालतं का?

काही वेळा चालतं. तुकडे जागचे हललेले नाहीत, वाट मोकळी आहे, नस ठीक आहे आणि मांजर पाय टेकवतंय, अशा वेळी चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात बंदिस्त विश्रांती देऊन बघतात.

पूर्वी कुत्र्यांच्या अनुभवावरून असं धरलं जायचं, की वाटीच्या मागच्या तिसऱ्या भागावर भार कमी येतो, तेव्हा तिथलं फ्रॅक्चर सोडून दिलं तरी हरकत नाही. मांजराच्या वाटीवर झालेल्या अभ्यासात मात्र मधला आणि मागचा भागही चांगलाच भार घेतो, असं दिसलं. त्यामुळं 'फ्रॅक्चर मागच्या बाजूला आहे, राहू दे' हा जुना हिशेब मांजराला जसाच्या तसा लावता येत नाही.

पहिला पर्याय : वाटी जोडणं

तुकडे सरकलेले असतील आणि ते जुळण्यासारखे असतील, तर सर्वांत चांगला पर्याय म्हणजे वाटी पुन्हा होती तशी बसवणं.

पूर्ण भूल देऊन मांजराला कुशीवर झोपवतात. खुब्यावर छेद घेतात. वाटीपर्यंत पोचायला मोठे स्नायू आड येतात. ते कापण्याऐवजी बहुतेक सर्जन मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा, ज्याला हे स्नायू चिकटलेले असतात, तोच कापून स्नायूंसकट वर उलटवतात. पेटीचं झाकण उघडावं तसं. मग मोठी नस शोधून बाजूला सांभाळून धरतात, सांध्यातलं गोठलेलं रक्त काढतात आणि मागं सरकलेला तुकडा ओढून जागेवर आणतात. वाटीची आतली कड डोळ्यांनी बघत जुळवायची असते. बाहेरून हाड जुळलेलं दिसलं आणि आत पायरी राहिली, तर सगळी मेहनत वाया.

जुळलेले तुकडे धरून ठेवायला छोटी प्लेट आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू वापरतात. वाटीचा माथा गोलाकार असतो, त्यामुळं प्लेट त्या गोलाईवर अचूक वाकवावी लागते. प्लेट नीट वाकवली नाही, तर स्क्रू आवळताना जुळवलेले तुकडेच पुन्हा सरकतात. स्क्रू प्लेटमध्येच पक्का अडकणाऱ्या नव्या प्लेटींत हा त्रास कमी होतो. प्लेट बसवायला जागाच नसेल, तेव्हा दुसरी रीत आहे. दोन्ही तुकड्यांत बारीक स्क्रू घालून त्यांना तारेनं गुंफायचं आणि वरून हाडाचं सिमेंट भरायचं. हे सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून वरून थंड सलाईन सोडत राहतात.

शेवटी पाय सगळीकडं फिरवून बघतात. कुठं करकर लागली, तर एखादा स्क्रू सांध्यात घुसलाय असं समजायचं. सगळं ठीक असेल तर कापलेला उंचवटा दोन बारीक पिना आणि तारेनं परत बसवतात.

हे सगळं पहिल्या दोन ते पाच दिवसांत झालं तर उत्तम. सात-दहा दिवस उलटले की स्नायू आखडतात, तुकड्यांभोवती नवं हाड धरायला लागतं आणि कड शोधणंच कठीण होतं. पहिल्या आठवड्याला इतकं महत्त्व आहे ते यासाठी.

दुसरा पर्याय : मांडीच्या हाडाचं डोकं काढणं

वाटीचा चुरा झाला असेल, वेळ निघून गेली असेल, प्लेट बसवणारे सर्जन जवळ नसतील किंवा तेवढा खर्च झेपणारा नसेल, तर मांडीच्या हाडाचं गोल डोकं आणि मान कापून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं. "डोकंच काढलं तर पाय कशावर राहणार?" असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

पाय स्नायूंवर राहतो. हाडावर हाड घासायचं थांबतं, मधल्या जागेत घट्ट तंतूंचा थर तयार होतो आणि स्नायूंच्या आधारानं एक 'खोटा सांधा' काम करायला लागतो. मांजर साधारण तीन ते पाच किलोचं, चपळ आणि स्नायूंनी मजबूत असतं. त्यामुळं मोठ्या कुत्र्यापेक्षा त्याला हे ऑपरेशन चांगलं मानवतं. पाय किंचित आखूड होतो, चाल थोडी वेगळी होते, पण बहुतेक मांजरं घरातलं आयुष्य न दुखता जगतात.

मात्र डोकं काढल्यानं शौचाची वाट रुंद होत नाही. तुकडा आत ढकललेला असेल, तर त्याचा वेगळा विचार करावाच लागतो.

मोठ्या शहरांत आणि परदेशांत मांजरांसाठी छोटा कृत्रिम खुबाही बसवतात. आपल्याकडच्या बहुतेक लोकांच्या आवाक्यात तो नाही, एवढं सांगून पुढं जाऊ.

मग ठरवायचं कसं?

एक साधं सूत्र ध्यानात ठेवा. आज वाटी जोडली आणि पुढं कधी सांधा झिजून दुखायला लागला, तर तेव्हा डोकं काढता येतं. आज डोकं काढलं, तर वाटी जोडायचा प्रश्नच संपतो. म्हणून तुकडे जुळण्यासारखे असतील, सर्जन सरावाचा असेल आणि खर्च झेपत असेल, तर आधी जोडण्याचा विचार करावा.

पण यांतलं काही नसेल, तर डोकं काढण्याचा पर्याय निवडण्यात कमीपणा नाही. 'मोठं ऑपरेशन परवडत नाही' म्हणून मांजराला तसंच दुखत ठेवणं, किंवा घाईनं कायमचं झोपवायचा निर्णय घेणं, या दोन्हींपेक्षा तो कितीतरी चांगला. पैशाची अडचण डॉक्टरांना सुरुवातीलाच मोकळेपणानं सांगा. चौथ्या दिवशी सांगण्यापेक्षा पहिल्या दिवशी सांगितलं, तर तेही त्याप्रमाणं मार्ग काढतात.

दोन्ही ऑपरेशनांत धोके आहेत. नस दुखावून पाऊल मुडपणं, जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, आणि वाटी छान जोडूनही पुढं थोडीफार झीज होणं. नसेची इजा बऱ्याचदा काही आठवड्यांत भरून येते, पण दर वेळी येतेच असं नाही.

घरी आणल्यावर

- वाटी जोडलेली असेल तर साधारण सहा आठवडे उड्या बंद. कुत्र्याचा मोठा पिंजरा आणा. उभं राहून वळता येईल एवढी जागा हवी, चढायला काही नको.
- डोकं काढलेलं असेल तर उलट. टाके भरत आले की डॉक्टर सांगतील तसा पाय वापरायला लावायचा, हलका व्यायाम द्यायचा. पाय पोटाशी धरून बसू दिलं तर सांधा आखडतो.
- शौचाचा ट्रे कमी उंचीचा ठेवा. टाक्यांत माती जाऊ नये म्हणून काही दिवस कागदाचे तुकडे वापरा.
- दोन दिवस खाल्लं नाही तर लगेच फोन करा. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं.
- रोज शौच झालं का ते लिहून ठेवा. दोन-तीन दिवस झालं नाही किंवा कुंथतंय असं दिसलं, तर दाखवा. माणसाचं जुलाबाचं औषध आपल्या मनानं देऊ नका.
- गळ्यातली कॉलर दया येऊन काढू नका. टाके १० ते १४ दिवसांत निघतात.
- सहा ते आठ आठवड्यांनी परत एक्स-रे काढा. चालायला लागलंय म्हणून तो टाळू नका.

कुठं जायचं, काय विचारायचं?

प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात मांजराच्या कंबरेला प्लेट बसवण्याची सोय नसते. गाई-म्हशींवर तिथला मुख्य भार असतो, हे आपण जाणतोच. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडून आधी जीव सावरून घ्यावा, एक्स-रे काढावा आणि त्याच दिवशी पुढं कुठं न्यायचं ते विचारावं. पशुवैद्यक महाविद्यालयांत शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो. बेळगाव, निपाणी भागातल्यांना पुणे महामार्गावरचं शिरवळ, बिदर भागात बिदर, हैदराबादला राजेंद्रनगर, इंदूरकरांना महू, वडोदऱ्याला आणंद आणि मुंबईत परळ, अशी ही महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून मांजराच्या कंबरेचं ऑपरेशन तिथं होतं का आणि सर्जन कोणत्या वाराला असतात, हे विचारून घ्या. नाहीतर पहिल्या आठवड्यातले दोन दिवस नुसत्या प्रवासात जातात.

डॉक्टरांना एवढं विचारा: वाटीचे तुकडे सरकलेत का? शौचाची वाट किती उरलीय? नस ठीक आहे का? जोडण्यासारखं आहे की डोकं काढावं लागेल? तुम्ही अशी ऑपरेशनं आधी केलीत का? खर्चाचा अंदाज, नंतरच्या एक्स-रेसकट, लिहून द्याल का? चिठ्ठी कन्नडमध्ये, गुजरातीत की इंग्रजीत आहे याचा संकोच नको. औषध किती आणि किती दिवस, ते आपल्या भाषेत समजून घेऊन मगच निघा.

मांजर कण्हत नाही, ओरडत नाही. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव आहे. कॉटखाली गप्प बसलेलं मांजर बरं होतंय असं आपल्याला वाटतं, आणि तेवढ्यात दिवस निघून जातात. मागचा पाय टेकवत नाही असं दिसलं, तर संध्याकाळची वाट बघू नका. टॉवेल घ्या, खोकं घ्या आणि निघा.